मिलच्या पँटीतला शालू

(घाटकोपर, भटवाडीच्या टेकडीवरची चाळ. १९८४ साल, रविवारची दुपार. म्हातारा धोंडू मानखुर्दच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून नुकताच परत आला आहे. हात रिकामे. बायको जानकी खाटेवर बसलेली, सून उत्तरा स्टोव्हपाशी. मुलगा शिवदास कारखान्यात पाळीवर.)

धोंडू : आधी पाणी द्या. आणि दोघींनी एक ऐकून ठेवा. आज मी जे बघून आलो ते ह्या भटवाडीत कुणाला सांगितलं, तर एक माणूस विश्वास ठेवायचा नाही. ठेवूही नये. मी स्वतः तिथे नसतो, तर मीसुद्धा ठेवला नसता.

जानकी : मी शालू खय आसा ता इचारतंय.

धोंडू : तिथेच येतोय गो. शालूपाशी पोचायचं तर आधी बाजारात शिरायला नको?

जानकी : शिरा मगे. बेगीन शिरा.

उत्तरा : मामंजी, तुम्ही पहाटे गेलात, आता दोन वाजलेत. आईंनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. शालू मिळाला की नाही मिळाला, एवढं एका शब्दात सांगा.

धोंडू : एका शब्दात सांगायला मी काय तुझ्या सीप्झमधली घंटा आहे? पोरी, ह्या प्रकरणात माझा जो अपमान झालाय ना, तो एका शब्दात मावत नाही.

उत्तरा : म्हणजे नाही मिळाला.

जानकी : माका म्हायत होता. रिकाम्या हातान जिन्यार चढले तेवाच पायांचो आवाज ओळखलंय मी.

धोंडू : अगो, पण ऐक तरी. नाही मिळाला असं नाही. मिळाला होता. हातात होता. ह्या, ह्या दोन हातांत होता आणि गेला. आणि गेला तो काय माझ्या चुकीने गेला? ह्या मुंबईत आता माणुसकी राहिली नाही, म्हणून गेला.

जानकी : पयल्यापासून सांगा. गाळू नका.

उत्तरा : गाळतील कसे, वर घालतील.

धोंडू : हे बघ, मध्ये मध्ये टोचायचं असेल तर मी गॅलरीत जाऊन बसतो. तिथे अण्णा आहे, त्याला सांगतो. त्याला ऐकू येत नाही, पण मान हलवतो.

जानकी : उत्तरा, तू गप ऱ्हव. तुझ्या तोंडातसून आता मी कायएक ऐकूचंय नाय. टोपाक भुलान जेना घराचो शालू घालवल्यान, तेना बोला नये.

उत्तरा : झालं. आलं परत माझ्यावर. आई, गुरुवारपासून तो टोप मी स्टोव्हवर चढवलेला नाही. चढवला की तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसता. कुणीही मला सांगा, लग्नातला बनारसी शालू मिलच्या फाटक्या पँटीत गुंडाळून कोण ठेवतं? तेलाचे डाग, गुडघ्याला भोक, वर सुतळीने बांधलेली. भांडेवाली दारात बसली, म्हणाली ताई जुनंपुरानं काय असेल ते काढा. मी माळ्यावरून ते गाठोडं काढलं. मला काय स्वप्न पडणार होतं?

जानकी : चोर येतलो तो पेटी उघडतलो. कपाट उघडतलो. घोवाची फाटकी पँट कोण चोरतलो?

उत्तरा : चोराने नाहीच नेली, तेवढं खरं आहे तुमचं.

जानकी : आमच्या गावात सगळी बायलमाणसा तशीच ठेवतत. माझ्या आवशीन नथ पिठाच्या डब्यात ठेवल्यान. पन्नास वर्सा ऱ्हवली.

उत्तरा : पण तुमच्या आईने सुनेला सांगितलं असेल ना, पिठात हात घालताना जपून घाल म्हणून? मला कुणी काही सांगितलं? ह्या घरात येऊन मला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात तुम्ही हॉस्पिटलातून आलात, तेव्हा शालू काढून गॅलरीत वाळत घातलात म्हणे. हे मला कुणी सांगितलं, तर शेजारच्या रत्नप्रभाताईंनी. मी कामावर होते. घरी येईपर्यंत तो परत पँटीत.

जानकी : ता तुका सांगूचा नव्हता. ता ह्यांका सांगलंय.

उत्तरा : काय सांगितलंत?

जानकी : सांगलंय, आता माझा काय खरा नाय. डाक्टर गोड बोलता, पण तेची नजर मी बघलंय. अहेव जातलंय मी, हळदीकुंकू लावन. तेवा गडबडीत कोणतरी हाताक मिळात ती साडी नेसवतली, म्हणान आताच सांगान ठेवतंय. माळ्यावरची पँट काढा, शालू भायर काढा, तोच माका नेसवा. ज्या शालवान ह्या घरात इलंय, त्याच शालवान जातलंय.

उत्तरा : आई, हे असलं आधीच...

जानकी : असला काय? लोका विमा उतरवतत. मी शालू ठेवलंय.

धोंडू : ऐकलंस ना? म्हणजे मी आज कुठल्या कामगिरीवर गेलो होतो ते तुला कळलं. आता ऐका. मी मानखुर्दच्या फाटकापलीकडे उतरलो, तर समोर डोंगर. मी म्हटलं, इथे डोंगर कधी आला? तर तो डोंगर कपड्यांचा. सगळ्या मुंबईतल्या सगळ्या भांडेवाल्या आठवडाभर जे गोळा करतात, ते रविवारी पहाटे तिथे ओततात. तळाशी अजून साहेबाच्या वेळचे कोट आहेत. त्यांना कुणी हात लावत नाही, खालचा कोट ओढला तर ढीग कोसळून चार माणसं दबून मरतील म्हणून. बाजाराच्या तोंडाशी एक बकरी बांधलेली. ती लहानपणापासून जरीचे काठ खाऊन वाढलेली. तिच्या लेंड्या सोनार घेऊन जातो.

उत्तरा : मामंजी.

धोंडू : खोटं वाटत असेल तर सोनाराला विचार.

उत्तरा : कुठल्या सोनाराला?

धोंडू : तो कबूल करायचा नाही. कोण करेल? बरं, पुढे गेलो. एका पारशाचा काळा डगला टांगलेला, त्याच्या खिशात टिकटिक चालू. मालक मेला त्या दिवशी चावी दिलेलं घड्याळ, अजून चालतंय. एका पैलवानाचं धोतर होतं, त्याच्या सावलीत सात दुकानं मांडलेली. आणि गिऱ्हाईक कोण, सांगू? मला वाटलं माझ्यासारखे असतील, ज्यांना नवं परवडत नाही ते. ते होतेच, पण कडेला उभे. पुढे कोण, तर मोटारीतून आलेले. जुन्याची फॅशन आलीय म्हणे आता. एक पोरगा, बापाने टाकून दिलेली बेलबॉटम शोधत होता. एक मुलगी परकर-पोलकं घेऊन आरशात बघत होती आणि मैत्रिणीला सांगत होती, बघ, किती ओल्ड आहे, किती क्यूट आहे. मला इतका राग आला. तुझ्या सासूने तेच पोलकं जन्मभर घातलं, तर ती गावंढळ. हिने घातलं, तर ती क्यूट. आम्ही जुनं घालतो, कारण नवं नाही. ते जुनं घालतात, कारण नवं फार झालंय. हा काय न्याय झाला?

उत्तरा : हे मात्र बरोबर बोललात.

धोंडू : सगळंच बरोबर बोलतोय. तू बकरीपाशी अडकलीस.

जानकी : शालू.

धोंडू : शालू. तर मी ती आपली भांडेवाली शोधली. ती म्हणाली, बाबा, मी गाठोडं सोडलंसुद्धा नाही, तसंच चंद्रप्रकाशकडे टाकलं. हा चंद्रप्रकाश म्हणजे त्या बाजारातला मोठा व्यापारी. पोट एवढं, की गल्ला पोटावरच ठेवतो. मी त्याच्या दुकानाशी गेलो आणि उभ्या उभ्या माझी पँट ओळखली. त्या मांडीवरचा तेलाचा डाग, सत्तावन्न साली मिलमध्ये साच्याखाली पडलो तेव्हाचा. अगदी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशासारखा. खाली सावंतवाडीपर्यंत.

जानकी : डाग होतो खरो.

धोंडू : मग? मी काय खोटं बोलतो? बरं, मी गप्प राहिलो. मुळात त्याला माहीतच नव्हतं आत काय आहे ते. मी म्हटलं, ही पँट कशी दिली? तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून हसला, म्हणाला, चाचा, ये तो आप पहनके आये हो वैसीच है. आणि त्याने सुतळी कापली. कापली आणि पँटीच्या पायातून ओढायला लागला. जादूगार तोंडातून कागदाच्या पट्ट्या काढतो ना, तसा. आधी हिरवं टोक आलं, मग काठ, मग कोयऱ्या. येतोय, येतोय, संपतच नाही. सगळा बाजार गप्प झाला. बकरीसुद्धा उठून उभी राहिली.

जानकी : खराब झाललो?

धोंडू : काडीमात्र नाही. उलट मिलच्या तेलाच्या वासाने कसर लागली नाही. असा चमकत होता गो, की समोरच्या माणसाने डोळ्यांवर हात धरला.

जानकी : पुढे काय झाला?

धोंडू : पुढे संकट आलं. बाजाराच्या मागे एक जरीवाला बसतो. त्याच्याकडे शेगडी पेटलेली. जुने शालू, पैठण्या आणतात, तो आगीत टाकतो. कापड जळून जातं, जरीतली चांदी गोळा करतो. माझ्या डोळ्यांसमोर त्याने कुणाचा तरी जांभळा शालू टाकला. भुर्रकन गेला. त्याच्यावर कुणाच्या तरी अक्षता पडल्या असतील. त्याला काय त्याचं? आणि तो उठून आला, चंद्रप्रकाशच्या हातातला आपला शालू चिमटीत धरला, चोळून बघितला आणि म्हणाला, जड आहे, मला दे.

जानकी : शिरा पडो तेच्या तोंडार.

धोंडू : मी तेच म्हटलं. मोठ्याने म्हटलं. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून दोनदा म्हटलं.

उत्तरा : मग घेतला त्याने?

धोंडू : त्याची काय टाप? मी मध्ये उभा. पण तेवढ्यात कुठून तरी हॉर्न वाजला. एक मोटार आली. इतकी लांब, की पुढचं चाक बाजारात आलं तेव्हा मागचं अजून चेंबूरला होतं. तिच्यातून एक बाई उतरली. जुहूची. काळा चष्मा, केस पुरुषासारखे कापलेले, हातात कुत्रा. कुत्र्याला पण चष्मा. ती सरळ शालूपाशी आली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, मला असलंच पाहिजे होतं. पदराचं जाकीट शिवणार, काठाचे पट्टे करणार आणि उरलेल्याचं कुत्र्याला अंथरूण.

जानकी : माझ्या शालवाचा?

धोंडू : तुझ्या शालूचं. मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, बाई, हा शालू कुणाचा आहे माहीत आहे? ह्या शालूत एक बाई सोळा वर्षांची असताना होडीतून खाडी ओलांडून लग्नाला आली. तिचा मामा आचारी होता एका शेठजीकडे, शेठाणीने पोरीच्या लग्नाला म्हणून दिला, त्याने तो मुंबईहून देवगडापर्यंत बोटीत छातीशी धरून आणला, जेवायलासुद्धा खाली ठेवला नाही. तुझ्या कुत्र्याचा काय संबंध त्याच्याशी?

उत्तरा : असं म्हणालात तिला?

धोंडू : ह्यापेक्षा वाईट म्हणालो, पण ते सुनेसमोर सांगण्यासारखं नाही.

जानकी : ऱ्हवा जरा. एक इचारतंय.

धोंडू : विचार की.

जानकी : तुमी शालू खरोच बघलात? की नुसतीच पँट बघलात नि पुढचा रचलात?

धोंडू : म्हणजे काय? अगो, हातात घेतला मी.

जानकी : मगे पदर कसो होतो ता सांगा. टोकाक काय होता?

धोंडू : टोकाला... टोकाला होमाची ठिणगी पडलेली. आपल्या लग्नात. भटाने तूप जास्त ओतलं आणि उडाली. भोक पडलं, तू रडायला लागलीस, तर तुझी आत्या म्हणाली, अपशकून नाही गो, अग्नीने खूण केली. मग तू मुंबईला आल्यावर तिथे पोपटी दोऱ्याने रफू केलास. हिरवा दोरा त्या रंगाचा मिळाला नाही, म्हणून पोपटी. आणि भोक लपत नव्हतं, म्हणून त्याचीच लहानशी कोयरी केलीस. बाकीच्या कोयऱ्या सगळ्या डावीकडे वळतात. ही एकच उजवीकडे. मी अंगठ्याने चाचपून बघितली. आहे तशी आहे.

जानकी : एकच उजवीकडे.

उत्तरा : आई?

जानकी : होतो. तोच होतो.

उत्तरा : एवढं बोललात त्यात एकही बकरी नव्हती, मामंजी.

धोंडू : प्रत्येक गोष्टीत बकरी नसते.

जानकी : तर हातात घेतलात. अंगठ्यान चाचपलात. मगे घेवक नाय ता कित्याक?

धोंडू : तेच तर अन्यायाचं आहे. मी चंद्रप्रकाशला भाव विचारला. त्याने बाईकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं आणि असा भाव सांगितला, की त्यात मी शालूसकट चंद्रप्रकाश विकत घेतला असता. मी म्हटलं, हा काय भाव झाला? एका टोपाच्या बदल्यात आलेलं गाठोडं. तो अर्ध्यावर आला. मी म्हटलं, अजून खाली ये. तो येईना. तेव्हा मी काय केलं, जे मुंबईत प्रत्येक माणूस करतो. मी पाठ केली. राहू दे तुझा शालू म्हणालो आणि निघालो. सगळ्या जगाला माहीत आहे, गिऱ्हाइकाने पाठ केली की दुकानदार हाक मारतोच. मी मुद्दाम हळू चालत होतो. चपलेत खडा गेल्यासारखं करत होतो.

उत्तरा : आणि त्याने हाक मारली नाही.

धोंडू : मारली. तिथले लोक मला मागाहून म्हणाले, त्याने तीनदा मारली. पण नेमकं त्याच वेळेला डोक्यावरून विमान गेलं. सांताक्रुझला उतरणारं. इतकं खाली, की त्याची चाकं माझ्या टोपीला लागली. काही ऐकू आलं नाही. विमान गेलं, मी वळून बघतो, तर बाई मोटारीत, शालू बाईच्या मांडीवर आणि कुत्रा शालूवर. मोटार निघालेली. मी धावलो. एका दूधवाल्याची सायकल ओढून घेतली, चेंबूर नाक्यापर्यंत मागे गेलो. तिथे सिग्नल लागला. तो सिग्नल आयुष्यात कधी लागत नाही, आज माझ्यासाठी लागला. आता बोला, ह्यात माझा दोष काय? रविवारी सकाळी गरीब माणूस बाजारात भाव करत असतो, तेव्हा विमानं कशाला उडवायची? रविवारी कुठल्या ऑफिसला जातात ते?

उत्तरा : त्या गाडीचा नंबर घेतलात? जुहूची बाई म्हणता, तर शोधता येईल. माझ्या ऑफिसातली सुलक्षणा राहते तिकडे.

धोंडू : चिखल होता नंबरावर.

उत्तरा : जानेवारीत?

धोंडू : कुत्र्याने केला असेल.

उत्तरा : बरं, मग आधी चंद्रप्रकाशकडे जाऊ. मोठ्या गिऱ्हाइकाला तो ओळखत असणार. आई, मी चूक केली ती केली, मी नाही म्हणत नाही. पण घरात बसून त्या कुत्र्याच्या अंथरुणाची गोष्ट ऐकत राहण्यापेक्षा काहीतरी करू. शिवदासला पाळी संपल्यावर सरळ तिकडेच यायला सांगते. कारखान्यात फोन करते कोपऱ्यावरून.

धोंडू : शिवदासला कशाला त्रास? गेलं ते गेलं. मी म्हटलं ना, मी सगळं करून बघितलं.

जानकी : उत्तरा, गप बस जरा. हय ये. माझ्या बाजूक बस.

उत्तरा : काय झालं? छातीत दुखतंय?

जानकी : छातीत कायएक नाय. माका एक सांग. तू हयसर सहा वर्सा आसस. बाजाराक तुझे मामंजी जातत. तेनी कधी भाव केलेलो तू बघलंस?

उत्तरा : मामंजींनी? भाव?

धोंडू : आता हा काय विषय झाला?

जानकी : मी ह्यांका बघतंय तेका त्रेचाळीस वर्सा होतली, भाव केलेलो कधी बघूक नाय. मार्केटातली मार्सेलिना मासळेवाली ह्यांका लांबसून बघता नि हसाक लागता. ह्यांनी पापलेटाक हात लावलो, की ती सांगात तो भाव. एकदा तिणाच लाजान कमी केल्यान, तर हे म्हणतत, बाई, तू चुकून कमी सांगलंस, परत हिशेब कर. दिवाळीत कंदीलवाल्यान ह्यांच्याकडसून दुप्पट घेतल्यान, मी भांडाक गेलंय, तर हे मागसून येवन तेची माफी मागतत.

उत्तरा : हे खरं आहे. गेल्या उन्हाळ्यात आंब्याची पेटी आणली होती. वरचा एक थर आंबा, खाली सगळा पेंढा. मी म्हटलं परत करा, तर म्हणाले, पेंढासुद्धा चांगला आहे.

धोंडू : पेंढा चांगलाच होता. आणि माणूस बदलतो. आज मी बदललो. बायकोच्या शालूसाठी मी...

जानकी : बायकोच्या शालवासाठी तर तुमी तो सांगात ता देवन, वर तेका चा पाजून इलास असतात. पैसे कमी पडले असते, तर हातातला घड्याळ काढलास असतात. अंगातलो शर्ट दिलास असतात. माका म्हायत नाय? शालू तुमच्या हातात होतो. ती कोयरी तुमच्या अंगठ्याखाली होती. नि तुमी भाव करीत बसलास? 

धोंडू : ती बाई...

जानकी : बाई नाय नि कुत्रो नाय. इमान पण नाय. तुमी पाठ केल्यात, तेवढा खरा आसा. पाठ केल्यात नि थेट घराक इलात.

उत्तरा : म्हणजे? थांबा, थांबा. म्हणजे शालू कुणी नेलाच नाही? मामंजी, खरं सांगा, चंद्रप्रकाशकडेच आहे?

धोंडू : मला काय माहीत? मी मागे वळून बघितलं नाही.

उत्तरा : अहो, मग बसलोय काय आपण? तो जरीवाला तर खरा आहे ना? आई, तो जरीवाला खोटा नसणार, मी ऐकलंय अशांबद्दल. संध्याकाळपर्यंत तो शालू शेगडीत जाईल. माझी चप्पल कुठे आहे? बाजार उठायला वेळ आहे अजून. खाली रिक्षा मिळेल मला, तासाभरात घेऊन येते. मी करते भाव, बघतेच तो चंद्रप्रकाश कसा देत नाही.

धोंडू : रिक्षा मिळायची नाही ह्या वेळेला. रविवारी सगळे रिक्षावाले...

उत्तरा : मिळेल. नाही मिळाली तर बसने जाईन.

धोंडू : नको जाऊस, उत्तरा.

उत्तरा : अहो, पण का? गुरुवारपासून मी ह्या घरात चोरासारखी वावरतेय. आईंची एक इच्छा आहे, तेवढी एकच, आणि ती तुम्ही हातात धरून परत ठेवून आलात? का, ते तरी सांगा मला.

धोंडू : नको जाऊस. मी सांगतोय ना.

जानकी : चप्पल काढ गो, उत्तरा. शालू नसलो तर मी जावचंय नाय, असा वाटता ह्यांका.